बेत परतीच्या वाटेपासून

बाबा वीज केंद्रातून निवृत्त झाले त्या रात्री साडेबाराला आईनं कुकर लावला. आम्ही आठ माणसं नुकतीच बाहेरून ‘जेवून’ आलो होतो.

त्याचं असं झालं. बाबांची सगळी उमर शिफ्टमध्ये गेली, तर एकदा त्यांना थाटात जेवू घालावं असं आम्हा भावंडांच्या मनात आलं. ताडोबाच्या बाजूला नव्यानं सुरू झालेल्या एका ठिकाणाचे फोटो धाकट्यानं मोबाइलवर दाखवले. झाडांना टांगलेले दिवे, लाकडी टेबलं, दारावर ‘बिस्ट्रो’ अशी पाटी. नऊचं टेबल सांगून ठेवलं. पोचलो सव्वानऊला, टेबल मिळालं पावणेदहाला आणि पहिली प्लेट आली साडेदहाला. घरी असले की साडेसातला पानावर बसणारे बाबा तोवर पाण्याचे चार ग्लास पिऊन बसले होते. मेनूकार्ड त्यांनी दोनदा उलटसुलट केलं आणि वेटरला विचारलं, “भाऊ, साधा वरण-भात भेटंल का?” भेटला नाही. परतताना एका वळणावर रानगवा आडवा उभा. धाकट्यानं गाडी थांबवली, दिवे खाली केले आणि गवा मनात येईल तेव्हा बाजूला होईपर्यंत आम्ही सगळे चिडीचूप. पोरं झोपून गेली होती. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, “चांगलं होतं. पण मले भूक लागली.”

चूक हॉटेलवाल्यांची थोडी, आमची जास्त. आम्ही बेत फोटोपासून ठरवत आलो होतो. चंद्रपूर-गडचिरोलीत तो उलटीकडून ठरवावा लागतो. घरी किती वाजता पोचायचं, कोणत्या रस्त्यानं पोचायचं, तिथून मागे मोजत यायचं. निकाल लागला, नोकरी लागली, बढती मिळाली, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, निमित्त कुठलंही असो; मोजायची रीत हीच.

आधी रस्ता

मुंबई-पुण्यात परतीचा प्रश्न म्हणजे ट्रॅफिक. आपल्याकडे परतीचा प्रश्न म्हणजे जंगल. चंद्रपूरहून मोहर्लीकडे जाणारा रस्ता, लोहारा-चिचपल्लीवरून मूलला जाणारा रस्ता, गडचिरोलीहून धानोऱ्याकडचा, आलापल्लीहून भामरागडकडचा, हे सगळे रात्री माणसांचे कमी आणि जनावरांचे जास्त असतात. दुर्गापूर-ऊर्जानगरच्या बाजूला तर वाघ-बिबट वसाहतीच्या कडेपर्यंत येतात. गडचिरोलीच्या उत्तर भागात २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींचा कळपही फिरतो आहे. त्या भागात जायचं असेल तर ‘आज कळप कुठं आहे’ हे निघण्याआधी गावातल्या माणसाला विचारावं.

म्हणून पहिला नियम: जंगलातला टप्पा मध्ये असेल तर रात्री नऊच्या आत तो पार झालेला असावा. ताडोबाच्या बाजूच्या रस्त्यांवर वनविभागाचे नाके आहेत. रात्री नाका किती वाजेपर्यंत सोडतो, हे ज्या ठिकाणी जेवायला जायचं आहे त्यांनाच फोनवर विचारून घ्यावं. उशीर होणारच असेल तर तिथेच मुक्काम करावा, नाहीतर गावातच जेवावं.

गाडी चालवणाऱ्यासाठी चार गोष्टी. वेग चाळीसच्या आत ठेवा. एक चितळ आडवं गेलं की थांबा, कारण मागून कळप येतो आणि अपघात होतो तो बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या चितळाशी. जनावर रस्त्यात उभं असेल तर हॉर्न नको, डोळ्यांवर लाइट नको, फोटोसाठी काच खाली करणं तर नकोच. आणि कितीही गरज वाटली तरी जंगलाच्या टप्प्यात गाडीतून उतरायचं नाही. ‘जाऊन या’ हे हॉटेलातून निघतानाच सगळ्यांना सांगून ठेवा, पोरांना दोनदा.

भामरागड, एटापल्ली, सिरोंचा इतक्या लांबचे असाल तर सरळ दुपारचं जेवण ठेवा. आनंद रात्रीच साजरा करावा असं काही शास्त्रात लिहिलेलं नाही.

मग वेळ आणि वार

घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आणि सगळ्यात लहान पोरगं रोज किती वाजता जेवतात, ती तुमच्या टेबलाची वेळ. साडेसातचं टेबल सांगितलं की आठला ताट समोर येतं. नऊला सगळं शहर एकदम जेवायला निघतं, तेव्हा भटारखान्यावर ताण येतो आणि तुमची रोटी दुसऱ्याच्या टेबलावर जाते.

वारही आधी पाहा. एकाचा सोमवार, दुसऱ्याचा गुरुवार, आजीचा शनिवार आणि मधे चतुर्थी, असं आपल्या घरांत असतंच. ज्या दिवशी निम्मं घर फक्त साबुदाणा खाणार त्या दिवशी मटणाचा बेत आखला, तर मटण खाणाऱ्यालाही धड घास जात नाही. ताडोबाच्या बाजूला जायचं ठरलं, तर आणखी एक हिशेब आहे. गाभा क्षेत्रातली सफारी मंगळवारी बंद असते आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर पावसाळ्यात गाभा बंदच राहतो. एप्रिल-मेच्या शनिवार-रविवारी रिसॉर्ट पर्यटकांनी भरलेले असतात. तेव्हा बाहेरून फक्त जेवायला येणाऱ्याकडे कोणाचं लक्ष नसतं. मधल्या वारी गेलात तर तेच लोक अगत्यानं विचारपूस करतात.

आणि ऊन विसरू नका. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि सिमेंटची जमीन रात्री नऊपर्यंत आग ओकत असते. ‘गार्डन रेस्टॉरंट’ हा हिवाळ्याचा शब्द आहे. उन्हाळ्यात एसी हॉल घ्या आणि लाइट गेली तर जनरेटरवर पंखे चालतात की एसी, हेही विचारा.

ज्याचा दिवस, त्याला विचारा

सरप्राइजचं खूळ अलीकडे फार वाढलं आहे. पंचविशीच्या आतल्यांना ते शोभतं. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला सरप्राइज म्हणजे दगदग: कपडे कोणते, औषध घेतलं का, कोण कोण येणार. त्यांना दोन दिवस आधी सरळ विचारा, “बाबा, कुठं जायचं?” उत्तर बहुधा येईल, “कायले खर्च करता?” हे उत्तर धरायचं नाही, पण त्याच्या पुढचं वाक्य नीट ऐकायचं. पुढच्या वाक्यात ते त्यांच्या आवडीच्या जागेचं किंवा पदार्थाचं नाव हमखास घेतात.

आपल्याकडे जुन्या माणसांना हॉटेलात जेवणं मुळात रुचत नाही, त्यालाही कारण आहे. झाडीपट्टीत आनंद साजरा करायची रीत म्हणजे पाहुण्यांना घरी बोलावणं. दिवाळीनंतर मंडई भरते, रात्रभर नाटक असतं, एकेका घरी वीस-वीस पाहुणे जेवून नाटकाला जातात. बाहेर जेवायला जाणं म्हणजे ‘घरी करणारं कोणी नाही’ असा त्या पिढीचा हिशेब. तो मोडायचा असेल तर म्हणावं, “आई, आज तू उठायचं नाही, एवढ्यासाठी चाललो.” याला नाही म्हणणारी आई मी अजून पाहिली नाही.

जागा कोणती

‘बिस्ट्रो’ हा शब्द पॅरिसचा. तिथे त्याचा अर्थ गल्लीतली लहान, परवडणारी खानावळ. टेबलं मोजकी, पदार्थ मोजके, आज काय शिजलं ते फळ्यावर लिहिलेलं आणि मालक स्वतः समोर. आपल्याकडे येता येता हा शब्द टांगलेल्या दिव्यांवर आणि पास्त्यावर जाऊन बसला. मूळ अर्थानं पाहिलं तर वैदर्भीय माणसाचा बिस्ट्रो म्हणजे सावजी भोजनालय.

तरी प्रत्येक जागेचा आपला उपयोग असतो. मुलाचा बारावीचा निकाल आणि सोबत त्याचे मित्र असतील तर खुशाल कॅफेत जा. पोरांना पिझ्झा आणि फोटो हवे असतात आणि दिवस त्यांचा आहे. लहान-थोर मिळून आठ-दहा माणसं असतील तर शहरातलं फॅमिली रेस्टॉरंट बरं, कारण तिथे आजीला साधी पोळी आणि नातवाला नूडल्स एकाच टेबलावर मिळतात. घरातल्या सगळ्यांना तिखट चालत असेल तर सावजी. नवरा-बायको दोघंच असाल आणि मुक्कामाची तयारी असेल तर ताडोबाचं रिसॉर्ट. ढाबा चांगलाच, पण सोबत बायाबापड्या असतील तर एकदा दिवसा जाऊन स्वच्छतागृह पाहून या. सांगायला छोटी गोष्ट, पण साठीच्या बाईसाठी अख्खी रात्र त्यावर ठरते.

फोनवर एवढं विचारा

टेबल सांगताना ‘आठ माणसं, साडेसात’ यावर थांबू नका. गुडघे दुखणारं कोणी असेल तर पायऱ्या किती, ते विचारा. व्हेज-नॉनव्हेजचं भटारखान्यात वेगवेगळं चालतं का? आजीला त्याचंच पडलेलं असतं. बाहेरचा केक चालतो का आणि त्याचे पैसे लावतात का, हेही आधीच कळलेलं बरं. केकवर मेणबत्त्या लावणार असाल तर फेसाचा स्प्रे घरीच ठेवा. तो फेस पेट घेतो आणि दोन्ही एका टेबलावर आले की केस जळायला क्षणही लागत नाही.

आणि कार्डावर नसलेलं काही हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा. वडा-भात हा आपल्याकडचा सणाचा पदार्थ. मिश्र डाळींचे वडे गरम भातावर कुस्करायचे, वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी घालायची, सोबत कढी. हॉटेलच्या कार्डावर तो सहसा नसतो. गोळा-भात, पाटोडीचा रस्सा, सांबारवडी यांचंही तेच. (बाहेरून आलेल्या सुनेला आधी सांगून ठेवा: आपल्या ‘सांबार’चा इडलीशी संबंध नाही, तो कोथिंबिरीचा.) पण आठ माणसांची ऑर्डर असेल आणि एक दिवस आधी सांगितलं, तर लहान भोजनालयवाले आनंदानं करून देतात. बचत गटाच्या बायाही ऑर्डर घेतात. पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोंब) किंवा सात्या (रानातल्या अळिंब्या) खायची हौस असेल तर त्या आपल्या ओळखीच्या, जंगल जाणणाऱ्या हातूनच आलेल्या असाव्यात. रानातल्या अळिंब्यांच्या बाबतीत ‘पाहून तर तशीच दिसते’ यावर भरवसा ठेवू नये.

ताटात काय

सगळं एकदम सांगू नका. आठ माणसांना आधी दोन-तीन सुरुवातीच्या प्लेट, मग तीन भाज्या किंवा रस्से, आणि पोळ्या-रोट्या चार-चार करून. लागलं तर पुन्हा सांगता येतं. ज्याचा दिवस त्याच्या आवडीचं मात्र सगळ्यात आधी सांगा आणि पहिलं वाढायला त्याच्याकडेच न्या.

सावजीत बसलात तर थोडं शहाणपण लागतं. हा नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचा स्वयंपाक. जवस, खसखस, खडे मसाले भाजून-वाटून केलेला काळपट रस्सा, वर तर्री. ‘जरा कमी तिखट करा’ असं सांगून उपयोग नसतो, कारण मसाला सकाळीच शिजलेला असतो. त्याऐवजी “भाऊ, वरची तर्री काढून द्या” म्हणा. निम्मं तिखट वरच राहतं. भाकरी किंवा पोळी रश्श्यात बुडवण्याआधी लिंबू पिळा, कांदा हाताशी ठेवा आणि तिखट लागलं की पाणी पिऊ नका. पाण्यानं तोंडातली आग पसरते, भातानं शमते. मटण न खाणाऱ्यासाठी डाळकांदा किंवा पाटोडी मागवा. तिखटात तीही कमी नसते, म्हणून लहान पोरांची सोय आधीच वेगळी करा.

आता भात. फॅमिली रेस्टॉरंटमध्ये जिरा राइस म्हणून लांब दाण्याचा बासमती येतो आणि आपली माणसं तो चिवडत बसतात. आपला प्रदेश धानाचा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्यानं आपल्या बांधीत पटेल-३ धानामध्ये वेगळी दिसलेली लोंबी बाजूला काढली, वर्षानुवर्षं निवडत नेली आणि त्यातून एचएमटी हे वाण उभं राहिलं. त्या काळी चलनात असलेल्या घड्याळाचं नाव त्याला पडलं आणि पुढे ते देशभर पेरलं गेलं. दादाजी २०१८ मध्ये गेले. चंद्रपूर जिल्ह्यात आनंदाचं जेवण आणि ताटात हा भात नाही, हे काही बरोबर वाटत नाही. ‘साधा भात, एचएमटी असंल तर’ असं विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी कामगारांच्या जेवणासाठी तोच शिजलेला असतो; कार्डावर नाही, एवढंच. बाबांनी त्या रात्री मागितला तो हाच.

अहेरी-सिरोंच्याकडे गेलात तर तेलंगणाचा शेजार ताटात उतरतो. डाळीत आंबटपणा वाढतो, लोणचं झणझणीत होतं आणि सकाळच्या पोह्यांची जागा इडली-डोसा घेतात. तिथे जाऊन पनीर बटर मसाला मागवू नये. नदीकाठच्या गावात ताजा मासा असेल तर तो विचारावा.

ग्लासात काय

याबाबत दोन जिल्ह्यांत दोन कायदे आहेत आणि पाहुण्यांना ते ठाऊक नसतात. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की नियम बदलतो. नागपूर-पुण्याहून आलेले जावई डिक्कीत बाटली टाकून गडचिरोलीत वाढदिवसाला निघाले, तर तो गुन्हा आहे. ‘आपल्याला कोण विचारतं’ हे उत्तर नाक्यावर चालत नाही. जावयांना हे निघण्याआधी, चारचौघांत नाही तर बाजूला घेऊन सांगावं.

चंद्रपुरात घेणारे घेतात. त्यांच्यासाठी एकच गोष्ट: गाडी चालवणारा कोण, हे घरून निघताना ठरवा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच खेपेला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. वर सांगितलेल्या वळणावर गवा उभा असेल तर त्याला तुमचा दंड भरून झाला की नाही, याच्याशी काही देणंघेणं नसतं.

न घेणाऱ्यांचीही हौस व्हायला हवी. उन्हाळ्यात पन्हं, ताक, लिंबू सरबत आधी सांगून ठेवलं तर टेबलावर सगळ्यांच्याच हातात ग्लास येतो आणि आजोबाही तो उंच धरतात.

बिल

बिल कोण देणार हे घरीच ठरवा. टेबलावर दोन भाऊ आणि एक जावई पाकिटं काढून झटापट करू लागले की ज्याचा दिवस आहे तो अवघडून जातो. देणाऱ्यानं हात धुवायच्या निमित्तानं उठावं आणि गल्ल्यावर जाऊन देऊन यावं.

देण्याआधी मात्र वाचा. साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के. म्हणजे ४,००० रुपयांच्या जेवणावर शहरात २०० रुपये कर, तर मोठ्या रिसॉर्टमध्ये ७२०. कार्डावरचे भाव सारखे दिसले तरी फरक इथे पडतो. काही लहान भोजनालयं कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही.

‘सर्व्हिस चार्ज’ ही ओळ दिसली तर लक्षात ठेवा, तो कर नाही. आपसूक बिलात लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. शांतपणे ‘हे काढून द्या’ म्हणायचं. नाहीच ऐकलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मात्र हा वाद ज्याचा दिवस आहे त्याच्यासमोर घालू नका. आणि ज्या पोरानं तीनदा गरम पोळ्या आणून दिल्या त्याच्या हातावर पैसे ठेवायला विसरू नका. ते तुमच्या खुशीचे असतात आणि थेट त्याला मिळतात.

उरलेलं बांधून घ्या, पण जंगलाच्या टप्प्यात त्यातलं काही बाहेर फेकू नका. माकडांपासून रानडुकरांपर्यंत सगळ्यांना रस्त्यावर यायची सवय अशीच लागते.

उलटं मोजलं की

पुढच्या वर्षी आईची साठी आली. या वेळी आम्ही मागून मोजत आलो. साडेनऊला घरी, म्हणजे नऊला उठायचं, म्हणजे सातला बसायचं, म्हणजे शहराच्या बाहेर जायचं नाही. जटपुरा गेटपासून हाकेच्या अंतरावरचं साधं भोजनालय. आदल्या दिवशी वडा-भात सांगून ठेवला होता. दिवे टांगलेले नव्हते, फोटोही फारसे चांगले आले नाहीत. मालकीणबाईंनी स्वतः येऊन आईच्या भातावर फोडणी ओतली तेव्हा तिचा हात सवयीनं वाढायला पुढे झाला आणि बाबांनी तो धरून खाली ठेवला.

साडेनऊला घरी आलो. आईनं स्वयंपाकघरातला दिवा लावला, पाणी प्यायलं आणि दिवा बंद केला.